खेळाच्या बाईंचं वजन

आमच्या शाळेतल्या खेळाच्या बाई जाड होत्या. हे मी आधीच सांगून टाकते, कारण त्यांना भेटणारा प्रत्येक माणूस आधी तेच पाहायचा आणि बहुतेक जण तिथेच थांबायचे. नंदुरबारला त्या मुलींच्या शाळेत मी मराठी शिकवायला लागले त्या दिवशी शिपायाने मला सगळ्या स्टाफची ओळख करून दिली. बाईंपाशी आल्यावर तो गालातल्या गालात हसत म्हणाला, "ह्या पीटीच्या." बाईंनी त्याचं हसू पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "घाम उना का आज?"

मला प्रश्नच कळला नाही. मी जळगावकडची असले तरी घरी पुस्तकी मराठी, त्यामुळे अहिराणी कानाला नवी नसली तरी पटकन ध्यानात येत नसे. मग कळलं की हा त्यांचा नमस्कार आहे. लोक भेटल्यावर जेवलात का विचारतात, बाई घाम आला का विचारायच्या. हेडसरांना विचारायच्या, भाजीवालीला विचारायच्या. भाजीवाली हसून म्हणायची, "येस ना बाई, रोजच येस." मग बाई समाधानाने वांगी निवडायला बसायच्या. हेडसर मात्र उठून पंखा वाढवायचे.

साडी, त्याखाली पांढरे कॅनव्हासचे बूट आणि गळ्यात लाल नाडीची शिट्टी, असा त्यांचा वेष. शाळेत चालत यायच्या, भर उन्हात, मिरची बाजाराच्या अंगाने, जिथे फेब्रुवारीत नुसता श्वास घेतला तरी ठसका लागतो. वाटेत कुणी ओळखीचं गाडी थांबवून म्हणायचं, "बाई, बसा, सोडतो." बाई म्हणायच्या, "काबर? तुन्ही गाडी बंद पडनी का? उतर, चाल मन्हासंगे." एकदा एका मोटारसायकलने मागून त्यांची पिशवी उडवली. त्या शाळेत आल्या त्या चिडूनच. "डॉक्टर सांगतात चाला, पेपरात लिहितात चाला. चालायला ठेवलंय काय? गटाराच्या कडेने दुकानांच्या पाट्या, त्याच्यापुढे गाड्या, त्याच्यापुढे रस्ता. माणसाने चालायचं कुठे? हवेत?"

खाण्याच्या बाबतीत त्या साधूसंत नव्हत्या, हेही सांगायला हवं. कळसाडीला त्यांचं माहेर, कापसाची आणि उसाची शेती. तिथून डबा आला की स्टाफरूममध्ये ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीचा आणि वांग्याच्या भरताचा वास सुटायचा. बाई मन लावून जेवायच्या, बोटं चाटायच्या आणि कुणी डब्याकडे, मग त्यांच्या पोटाकडे पाहिलं की शांतपणे म्हणायच्या, "माझे वडील माझ्याहून दुप्पट जेवायचे. काडीसारखे होते. फरक भाकरीत नाही, फरक दिवसात आहे." तरुणपणी त्या खो-खो खेळायच्या. मग दुसरं बाळंतपण, मग थायरॉइड, मग गुडघा. वजन वाढत गेलं तसं त्यांनी आरशाशी भांडण केलं नाही. भांडण्यासाठी त्यांच्याकडे इतर पुष्कळ लोक होते.

त्यातले एक म्हणजे गणिताचे सर. परीक्षा जवळ आली की ते खेळाचा तास मागायचे, आणि परीक्षा कायमच जवळ आलेली असायची. इतर शाळांत खेळाचे शिक्षक असा तास आनंदाने देऊन टाकतात. एकदा सरांनी न विचारताच तास घेतला, तेव्हा बाई वर्गाच्या दारात उभ्या राहिल्या आणि शिट्टी फुंकत राहिल्या. सर फळ्यावर लिहितात, बाई शिट्टी फुंकतात. शेवटी मुली हसायला लागल्या आणि सरांनी खडू टाकला. "लाज वाटते का?" असं ते बाईंना म्हणाले. बाई म्हणाल्या, "सर, सकाळी क्लास, मग शाळा, मग पुन्हा क्लास. येता-जाता रिक्षा. घरी गेलं की मोबाइल, कारण बाहेर सोडायला आईबापाला भीती वाटते. ह्या पोरी दिवसभरात फक्त बसतात. मग फुगल्या की तुम्हीच म्हणणार, आळशी आहेत. लाज कोणाला वाटायला पाहिजे?"

मैदानाची गोष्ट तर सगळ्या गावाला माहीत आहे. आमच्या शाळेला मोठं मैदान होतं. संस्थेने त्याच्या अर्ध्या भागाला भिंत घातली, हिरवळ लावली, कारंजं बसवलं आणि लग्नांना द्यायला सुरुवात केली. उरलेल्या अर्ध्यात लग्नाच्या दिवशी गाड्या लागायच्या. लग्नं नव्हती तेव्हा मांडववाल्याचे बांबू पडून असायचे. बाईंनी अर्ज केले, चेअरमनसाहेबांच्या घरी गेल्या, पालकांच्या सभेत उभ्या राहिल्या. एक पालक म्हणाले, "बाई, खेळून काय मिळतं? मुलीला आम्ही जिम लावू मोठी झाल्यावर." त्या दिवशी बाई स्टाफरूममध्ये आल्या, बुटांच्या नाड्या सोडल्या. मग म्हणाल्या, "आधी फुकटचं काढून घ्यायचं, मग तेच विकत द्यायचं. चांगला धंदा आहे."

एस्तेर आमच्याकडे आठवीत आली. नवापूरच्या डोंगराकडची, विसरवाडीच्या फाट्यावरून आत बरंच चालत गेलं की तिचं गाव. आईबाप थोडी शेती करायचे आणि हंगाम आला की गुजरातेत ऊसतोडीला जायचे. मुलगी वसतिगृहात. ती जाड होती, लाजाळू होती आणि चित्रं सुंदर काढायची. तिची आई मात्र हाडांचा सापळा. त्या दोघींना एकत्र पाहिलं की लोक हमखास विचारायचे, "हिला काय खायला घालतेस?" जणू त्या बाईने घरात तुपाची कोठारं दडवून ठेवली होती.

त्या वर्षी शाळेत आरोग्य सप्ताह झाला. कल्पना कोणाची होती ते मी सांगत नाही, पण मंडळी शिकलेली होती. प्रार्थनेच्या वेळी एकेका मुलीला वजनकाट्यावर उभं करायचं आणि आकडा माइकवरून वाचायचा. त्यामुळे म्हणे मुलींमध्ये जागृती होईल. बाई तेव्हा संघ घेऊन चार दिवस शहाद्याच्या स्पर्धांना गेल्या होत्या, नाहीतर ते घडलंच नसतं. एस्तेरचा आकडा वाचला गेला तेव्हा मागून कुणीतरी "टेम्पो" म्हणालं. मुली हसल्या. वाचणारे सरही हसले. मी रागाने माइककडे निघाले, पण तोवर पुढची मुलगी काट्यावर चढली होती.

एस्तेरने डबा खाणं सोडलं. वसतिगृहात ताटात वाढलेलं पोरींना वाटून टाकायची. त्या आठवड्याच्या शेवटी, प्रार्थनेच्या रांगेतच, ती कोसळली. कपाळ पायरीवर आपटलं. शहाद्याहून नुकत्याच परतलेल्या बाईंनीच तिला उचलून घेतलं. ज्या मुलीला टेम्पो म्हणाले होते, तिला दोन्ही हातांवर घेऊन बाई ऑफिसपर्यंत गेल्या, गुडघा दुखत असताना. आत निजवलं आणि बाहेर येऊन आम्हाला विचारलं, "हिला काय केलंत?" आम्ही सांगितलं. मी इतकी वर्षं त्यांचे राग पाहिले होते; हा वेगळा होता. त्या ओरडल्या नाहीत.

तिची आई निरोप मिळाल्यावर आली. तिची घरची बोली कोकणी, गोव्याची नव्हे, इकडच्या आदिवासींची; आमच्याशी ती मोडकी मराठी बोलायची. हेडसर तिलाच समजावू लागले, की मुलीला चिप्स-कुरकुऱ्यांच्या पुड्या देऊ नका, तळलेलं देऊ नका, पालेभाजी द्या. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "सर, ही बारकी होती तेव्हा पण हिला काट्यावर टांगली. कमी भरली. फोटो काढून नेला. तेव्हा मला बोलले, आई खायला देत नाही. आता जास्त भरली. आता पण मलाच बोलता." पदर सावरून ती म्हणाली, "आमच्या पाड्यावर नळ नाही आला. पुड्या आल्या. दुकानात पुडीची माळ लटकते, भाजी नाही लटकत. मी उसाच्या फडात, पोरगी भुकेली. मी काय देऊ?"

हेडसरांनी घड्याळ पाहिलं.

आमचा जिल्हा कुपोषणासाठी प्रसिद्ध. मोठमोठी माणसं गाड्यांतून येतात, हडकुळ्या पोरांना पाहून हळहळतात. तेच पोर पुढे पुडीवर, साखरेच्या चहावर आणि वसतिगृहातल्या भात-बटाट्यावर वाढतं आणि फुगतं, तेव्हा त्याच माणसांच्या चेहऱ्यावर किळस येते. उपाशी राहिलेल्या अंगाला पुढे मिळेल ते साठवायची सवय लागते, हे त्यांना ठाऊक नसतं असं नाही. पण भुकेल्या पोरावर दया करता येते. जाड पोराला नावं ठेवता येतात. दोन्हीत आपलं काही चुकलं असं मानावं लागत नाही.

पुढच्या सोमवारी प्रार्थना संपली आणि बाई वजनकाटा स्वतः उचलून घेऊन पुढे आल्या. चेअरमनसाहेब त्या दिवशी शाळेत होते. कुठल्या तरी बक्षीस वाटपासाठी आले होते. बाईंनी बूट काढले, साडीचा पदर खोचला आणि काट्यावर उभ्या राहिल्या. ज्या सरांनी आकडे वाचले होते, त्यांना हाक मारली.

"या. मन्हं वजन वाचा. मोठा आवाजमा वाचा."

सर म्हणाले, "बाई, काय चाललंय हे?"

"वाचा!"

त्यांनी वाचलं. तो आकडा मी लिहीत नाही. तो ऐकायला सगळी शाळा होती. कुणी हसलं नाही. पहिल्या रांगेतल्या छोट्या मुली तोंडावर हात ठेवून उभ्या होत्या. बाई काट्यावरून उतरल्या आणि चेअरमनसाहेबांना म्हणाल्या, "आते तुम्ही चढा, साहेब."

चेअरमनसाहेबांचं पोट काही लहान नव्हतं. ते हसले, रुमालाने मान पुसली आणि म्हणाले, "बाई, हा काय पोरखेळ?"

"पोरींसाठी आरोग्य, तुमच्यासाठी पोरखेळ?" बाई शुद्ध मराठीत म्हणाल्या. आणि मग ती शुद्ध मराठी संपली. "पोरेस्ले पयाले जागा ठेवी नही, नी आते त्यास्नं वजन करी ऱ्हायनात! मैदान इकं, तास इका, दारमा पुड्यास्नं दुकान मांडं, नी दोष कोनले? त्या पोरले?" पळायला जागा ठेवली नाही, मैदान विकलं, तास विकला, दारात पुड्यांचं दुकान मांडलं, हे मागच्या रांगेपर्यंत सगळ्यांना कळलं.

चेअरमनसाहेब काट्यावर चढले नाहीत. ते गाडीत बसून गेले आणि बाईंना नोटीस आली. शिस्तभंग, विद्यार्थ्यांसमोर अशोभनीय वर्तन, वगैरे. बाईंनी उत्तरात एकच ओळ लिहिली: माझं वजन मी वाचून घेतलं, त्यात कोणाचा अपमान झाला असल्यास तो माझा आहे. प्रकरण तिथेच विझलं. पण काटा पुन्हा प्रार्थनेत आला नाही आणि "टेम्पो" हा शब्दही मला पुन्हा ऐकू आला नाही.

त्यानंतर बाईंनी एक वेडेपणा केला. गावाबाहेर मिरची वाळवायच्या मोकळ्या जागा आहेत, पथारी म्हणतात त्यांना. हंगामात तिथे लाल गालिचा असतो. हंगाम संपला की नुसती सपाट, कडक जमीन. एका व्यापाऱ्याची मुलगी आमच्याकडे शिकून गेली होती. त्याच्याकडे जाऊन बाईंनी हंगामाबाहेर पथारी मागून घेतली. सकाळी शाळेआधी ज्यांना यायचं त्या मुली. वसतिगृहाच्या मुली झाडून सगळ्या यायच्या. जमिनीत मुरलेली मिरची धूळ होऊन उडायची; खो द्यायच्या आधी पोरी शिंकायच्या, डोळे चोळायच्या, आणि पळायच्या. मीही जायचे कधीकधी. बाई कडेला उभ्या राहून शिट्टी वाजवायच्या आणि स्वतःच सगळ्यांत जास्त शिंकायच्या.

एस्तेर पहिले काही दिवस नुसती बसून राहिली. बाईंनी तिला पळ म्हटलं नाही. एक दिवस तिला खांबापाशी उभं केलं आणि म्हणाल्या, "तुझ्याकडे लांब हात आहेत. इथून कोणी सुटायला नको." एस्तेर तिथून कोणाला सुटू देत नसे. ती बारीक झाली का, असं ही गोष्ट ऐकणारे मला दरवेळी विचारतात. नाही झाली. थोडी दमदार झाली, मान वर करून चालायला लागली, ताटातलं जेवायला लागली. लोकांना हा शेवट आवडत नाही. त्यांना वाटतं, मग उपयोग काय झाला?

बाई निवृत्त झाल्या तेव्हाच त्यांचं पोट दुखत होतं. बरगड्यांखाली जडपणा, दोन घास खाल्ले की पोट गच्च, कंबरेत कळ. त्या एका डॉक्टरकडे गेल्या. डॉक्टरांनी खुर्चीतूनच त्यांच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, आधी वजन कमी करा. दुसऱ्याकडे गेल्या. त्याने आहाराचा छापील कागद दिला. बाई मला नक्कल करून दाखवायच्या. "डोयामा कचरा गया तरी सांगतीन, वजन कमी करा." डोळ्यात गेलेल्या कचऱ्यालाही वजनाचंच औषध, म्हणून आम्ही दोघी हसायचो. पोट वाढत होतं, आणि सगळ्यांना वाटत होतं की बाईंचं पोट आहे, वाढणारच. कोणी हात लावून पाहिलं नाही. आयुष्यभर सगळ्यांनी ज्या शरीराकडे टक लावून पाहिलं, ते एकाही डॉक्टरने तपासलं नाही.

मग त्या बारीक होऊ लागल्या. आमच्या एका सहकाऱ्याच्या मुलीचं लग्न होतं. बाई आल्या तेव्हा त्यांचे गाल बसले होते, बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. आणि बायकांचा गराडा पडला. मी शेजारीच उभी होते, मी ऐकलं आहे.

"बाई, कितल्या बारीक हुई गयात वं! वळखू येत नही."

"काय खातस तुम्ही आते? आम्हले बी सांगा ना."

बाई म्हणाल्या, "काहीच नही वं माय. जेवण जात नही."

"मंग तेच तं कराले पाहिजे! आम्हना तोंडवर ताबा नही."

सगळ्या हसल्या. जन्मात पहिल्यांदा त्या बाईंच्या शरीराचं इतकं कौतुक होत होतं. बाई माझ्याकडे पाहत होत्या. त्यांच्या डोळ्यांत राग नव्हता. नवल होतं, आणि थकवा.

एस्तेर त्या लग्नाला आली होती. ती तोवर नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. ती बायकांमधून वाट काढत आली, तिने बाईंचा चेहरा पाहिला, मग पोट पाहिलं. चेहरा वाळला होता आणि पोट तसंच होतं. तिने बाईंचा हात धरला आणि अगदी हळू विचारलं, "बाई, कुठे दुखतंय?"

बाईंनी तिथल्या तिथे, त्या रोषणाईत, प्लास्टिकच्या खुर्चीत बसून रडायला सुरुवात केली. त्यांना रडताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं. हा प्रश्न त्यांना किती दिवसांत कोणी विचारला नव्हता, कोण जाणे.

एस्तेरने दोन दिवसांत त्यांना गाडीने सुरतेला नेलं. मी बरोबर होते. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी आधी पोटाला हात लावला, आणि त्यांचा हात थांबला. अंडाशयात मोठी गाठ होती, आणि ती पसरली होती. ऑपरेशन झालं, औषधं झाली. लवकर आला असतात तर, असं त्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि बाई आधी कुठल्या डॉक्टरांकडे जाऊन आल्या होत्या ते ऐकल्यावर त्यांनी फाइल मिटली.

बाई कळसाडीला भावाकडे राहिल्या. मी गेले की अंगणात खाटेवर असायच्या. एकदा म्हणाल्या, "लोक मला आयुष्यभर सांगत आले, बारीक व्हा म्हणजे बरं वाटेल. बघ, झाले." आणि मग जुन्याच आवेशात, "माणूस जाड का होतो हे विचारायचं सोडून, जाड माणूस कसा वाईट आहे ते सांगत बसलेत सगळे. पहिलं विचारलं तर रस्ते बांधावे लागतील, मैदानं सोडावी लागतील, दुकानात पुडीच्या जागी भाजी लटकवावी लागेल. दुसरं फुकट आहे." दम लागला म्हणून त्या थांबल्या. उसाच्या शेताकडे पाहत राहिल्या.

पावसाळा संपता संपता त्या गेल्या.

शाळेत शोकसभा झाली. फोटोला हार होता. फोटो शेवटच्या वर्षीचा, त्या लग्नातला. बाई त्यात सडपातळ दिसत होत्या आणि तोच फोटो निवडला गेला होता. चार जण बोलले. शिट्टीची आठवण निघाली, घामाची निघाली, लोक मायेने हसले. शेवटी नवे हेडसर उठले. ते बाईंना फार ओळखत नव्हते. ते म्हणाले, "बाई क्रीडाशिक्षिका होत्या, आणि निवृत्तीनंतरही त्यांनी आपल्या तब्येतीकडे किती लक्ष दिलं, वजन किती आटोक्यात आणलं, हे ह्या फोटोत दिसतंच आहे. हा आदर्श आपण सगळ्यांनी..."

"सर."

मागच्या रांगेत एस्तेर उभी होती. शेजारी तिची आई होती, तशीच हडकुळी, डोक्यावर पदर.

"सर, ते वजन बाईंनी नाही कमी केलं," एस्तेर म्हणाली. तिचा आवाज स्वच्छ होता, थेट व्यासपीठापर्यंत जाणारा. "त्यांच्या पोटात गाठ होती. ती त्यांना खात होती, आणि तुम्ही सगळे टाळ्या वाजवत होतात."

लग्नात बाईंना आहार विचारणाऱ्या दोघीजणी समोरच बसल्या होत्या. एकीने मान खाली घातली, दुसरी फोटोकडे पाहत राहिली. नव्या हेडसरांनी हातातला कागद उलटला, मागची बाजू कोरी होती. मग त्यांनी घसा साफ केला आणि बाईंना श्रद्धांजली म्हणून सर्वांनी दोन मिनिटं उभं राहावं अशी विनंती केली.

एस्तेर आधीपासूनच उभी होती.